आशाताई थांबते तिथून पुढे

बाळ दवाखान्यातून घरी आलं की आशाताईच्या फेऱ्या सुरू होतात. जन्मानंतर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी ती दारात येते. बाळाचं वजन करते, ताप बघते, दूध नीट ओढतं का ते विचारते. पुढे तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात आणखी पाच फेऱ्या होतात. तिथे तिच्या ठरलेल्या घरभेटी संपतात. दुसऱ्या टोकाला शिक्षणहक्क कायदा आहे. २००९च्या या कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली आणि बहुविकलांग व तीव्र विकलांग मुलांना घरीच शिकण्याचा पर्याय मिळाला. पण हा कायदा लागू होतो तो सहाव्या वर्षापासून. मधे उरतात पावणेपाच वर्षं. कोकणातल्या रेडीसारख्या गावात एखादं मूल मान धरत नाही, त्याला नीट दिसत नाही, ऐकू येतं की नाही याची खात्री नाही, अधूनमधून आकडी येते. या पावणेपाच वर्षांत त्याच्या घरी कोण जातं? या पुस्तकाचा विषय हा आहे.

मेंदू या काळातही झपाट्याने वाढत असतो, हे आता सगळेच सांगतात. पण बहुविकलांग मुलाच्या बाबतीत याच काळात आणखी बरंच काही घडत असतं आणि ते फारसं कुणी सांगत नाही. दिवसभर एकाच कुशीवर ठेवलेल्या मुलाचा कणा एका बाजूला वळत जातो. ताठरलेले पाय सतत एकमेकांवर चढलेले राहिले तर खुब्याचा सांधा हळूहळू जागा सोडतो. आडवं निजवून भरवलं तर घास श्वासनळीकडे जातो, छाती भरते, पुन्हापुन्हा न्यूमोनिया होतो, वजन वाढत नाही. जे मूल काही मागत नाही, फारसं रडतही नाही, त्याच्याशी घरातली माणसं नकळत बोलेनाशी होतात आणि ते आणखी गप्प होतं. मेंदूला झालेली इजा बहुतेक वेळा एकदाच झालेली असते. नंतरचं बरंचसं नुकसान मात्र मूळ दुखण्याचं नसतं. वेळेवर कुणी चार गोष्टी दाखवल्या नाहीत म्हणून ते वाढत जातं. ते पुष्कळ अंशी टाळता येतं आणि ते टाळण्याची जागा घर हीच आहे: अंथरूण, न्हाणी, चूल, पडवी. माझं म्हणणं एवढंच आहे. पुढची सगळी पानं त्याचा तपशील मांडतात.

आधी गाव बघू. रेडी हे वेंगुर्ले तालुक्याचं दक्षिण टोक. शेजारी गोव्याची हद्द, तेरेखोलचा किल्ला आणि नदीचं मुख. गावात यशवंतगड आहे, लोहखनिजाच्या खाणींनी उघडी पडलेली तांबडी जमीन आहे, बंदर आहे. १९७६ साली खाणीच्या खोदकामात सापडलेला द्विभुज गणपती नागोळेवाडीत आहे आणि त्याच्या दर्शनाला दूरदूरची माणसं येतात. येणाऱ्याला रस्त्यावरून दिसतं ते एवढंच. घरं मात्र वाड्यावाड्यांत विखुरलेली, माडाकाजूंच्या आत, चिऱ्याच्या पायऱ्या उतरून, कुठे साकव ओलांडून. तीन-चार वर्षांच्या मुलाला आई अजून काखेत घेऊन या पायऱ्या चढते. बारा-तेरा किलोचं, मान मागे टाकणारं मूल घेऊन, वर पाऊस असताना, ती शिरोड्याच्या रिक्षापर्यंत कशी पोचते हे एकदा मनाशी आणून बघावं.

आणि तिथून पुढे खरा प्रवास. शिरोडा जवळ आहे, पण तिथे सगळे तज्ज्ञ नाहीत. सावंतवाडी त्यापुढे. जिल्हा रुग्णालय ओरोसला, म्हणजे साठेक किलोमीटर. गंभीर काही असलं तर लोक गोव्यात बांबोळीला धावतात. ते मोठं इस्पितळ, पण दुसऱ्या राज्यातलं. दिव्यांगत्वाच्या दाखल्यासाठी परत आपल्याच जिल्ह्यात यावं लागतं. शिवाय बहुविकलांग मुलाला एक डॉक्टर पुरत नाही. डोळ्यांचा वेगळा, कानांचा वेगळा, आकडीसाठी वेगळा, हातापायांच्या व्यायामासाठी वेगळा, आणि प्रत्येकाचा वार वेगळा. कानाची बेरा नावाची तपासणी मूल झोपेत असतानाच होते. पहाटे उठवून, एसटी बदलत, उन्हातून आणलेलं मूल नेमकं तपासणीच्या खोलीत टक्क जागं असतं, आणि मग पुढची तारीख मिळते. बापाचा एका दिवसाचा रोज बुडतो. अशा दोन-तीन तारखा झाल्या की घरातलं कुणीतरी म्हणतं, पुरे आता. त्या माणसाला निष्काळजी म्हणणं मला पटत नाही.

बहुविकलांग म्हणजे काय, हे थोडक्यात. ज्याला दिसत नाही ते मूल कानांनी जग ओळखतं, ज्याला ऐकू येत नाही ते डोळ्यांनी. दोन्ही वाटा अरुंद असल्या, वर हात हवे तिथे जात नसले, तर शिकायचं कशाने हा प्रश्नच वेगळा होतो. डोळ्यांचे उपाय अधिक कानांचे उपाय अशी बेरीज करून तो सुटत नाही. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने एकवीस प्रकार मानले आणि त्यांत बहुविकलांगतेला, बधिरांधतेसह, स्वतंत्र जागा दिली. २०११च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या. त्यांत एकाहून अधिक अपंगत्व असलेल्या २१ लाखांवर होत्या. सहा वर्षांपर्यंतची अपंग मुलं २० लाखांच्या वर होती. कारणं अनेक. जन्मल्याबरोबर न रडलेलं मूल, दिवस पुरे होण्याआधी जन्मलेलं आणि काचेच्या पेटीत ठेवलेलं मूल, कावीळ फार वाढलेलं मूल, पहिल्या महिन्यांत मेंदूज्वर झालेलं मूल. गरोदरपणात आईला रुबेला झाला तर बाळाच्या डोळ्यांत मोतीबिंदू, कानांत बहिरेपण आणि हृदयात दोष असं एकदमच येऊ शकतं. गोवर-रुबेलाची लस म्हणूनच एवढी मोलाची. काही वेळा कारण सापडतच नाही आणि तेव्हा गावात आईकडेच बोट दाखवलं जातं. त्या बोटाबद्दल पुढे बोलायचंच आहे.

घरापर्यंत जाण्याची कल्पना आपल्याला परकी नाही. उलट या बाबतीत महाराष्ट्राने देशाला दोनदा वाट दाखवली आहे. १९४५ साली ताराबाई मोडकांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं आणि अनुताई वाघ त्यांच्याबरोबर आल्या. वस्तीतली मुलं बालवाडीपर्यंत येत नाहीत असं दिसलं तेव्हा या दोघींनी बालवाडीच वस्तीत नेली, तिथल्या अंगणात मांडली. पुढे कोसबाडला गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणावर शाळा भरवली. मूल येत नाही म्हणजे त्याला शिकायचं नाही, असा अर्थ त्यांनी काढला नाही. मूल का येत नाही ते बघितलं आणि आपण उठून गेल्या. आज गावोगावी अंगणवाडी आहे ती या विचाराची लेक आहे.

दुसरी वाट गडचिरोलीची. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्याच बायकांना शिकवून आरोग्यदूत केलं. त्या घरी जाऊन नवजात बाळाला ऊब देत, श्वास बघत, जंतुसंसर्ग ओळखत. ३९ गावांतल्या या कामाचा निबंध १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. नवजात मृत्यूंचं प्रमाण ६२ टक्क्यांनी उतरलं होतं. जे काम इस्पितळातच होऊ शकतं असं सगळे धरून चालले होते, ते थोडंफार शिकलेल्या बाईने झोपडीत करून दाखवलं. २०११पासून देशभर आशाताईच्या नवजात घरभेटी सुरू झाल्या त्या याच अनुभवावर. आता विचार करा. जन्मताना गुदमरलेलं बाळ या भेटींमुळे वाचलं. वाचलेल्या बाळांपैकी काहींना पुढे अडचणी येणार, हे आपल्याला ठाऊक आहे. वाचवायला घरापर्यंत गेलो, तर वाढवायलाही जायला हवं. अर्ध्या वाटेवर परत फिरणं मला मान्य होत नाही.

सरकारी व्यवस्था अगदीच नाही असं मात्र नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३मध्ये सुरू झाला, तोही पालघरमधून. त्याची पथकं वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतात. जन्मजात व्यंग, पोषणाची कमतरता, आजार आणि वाढीतले अडथळे शोधतात. अडचण दिसली तर जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. कल्पना उत्तम. पण पथक येतं त्या दिवशी जे मूल अंगणवाडीत नाही ते दिसत नाही, आणि बहुविकलांग मूल बहुधा अंगणवाडीत नसतंच. ते घरात, आतल्या खोलीत असतं. नोव्हेंबर २०२३मध्ये केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने दिव्यांग मुलांसाठी अंगणवाडीची कार्यपद्धती जाहीर केली: सेविकेने अशी मुलं लवकर ओळखावीत, अंगणवाडीत सामावून घ्यावीत, पुढच्या सेवांशी जोडावीत. हे फार चांगलं पाऊल आहे. मात्र ज्या सेविकेच्या डोक्यावर आहार, वजनं, मोबाईलवरच्या नोंदी आणि तीस पोरं आहेत, तिला मान न धरणारं मूल मांडीवर कसं घ्यावं हे कुणीतरी हाताला धरून दाखवलं पाहिजे. परिपत्रक वाचून ते येत नाही.

घरी जायचं म्हणजे नक्की करायचं काय? इथे मला थोडं रेंगाळायचं आहे, कारण अनेकांची अशी समजूत असते की घरभेट म्हणजे इस्पितळातला व्यायाम घरी आणून देणं. कुणी ताई येते (ती कोण असावी ते पुढे येईल), अर्धा तास हातपाय हलवते, जाते. आई बाजूला उभी. अशा भेटीचा फायदा त्या अर्ध्या तासापुरता. आठवड्याचे बाकीचे सगळे तास मूल आईच्या, आजीच्या हातात असतं. म्हणून शिकवायचं ते त्या तासांसाठी.

सकाळी दहाची वेळ घ्या. कोकणातल्या घरात ही पेजेची वेळ. उकड्या तांदळाची पेज, वर पाणी, तळाला शितं. आजी उंबऱ्याशी बसलेली, नातू मांडीवर आडवा, मान मागे लोंबलेली. आजी वरून चमचा ओतते. मूल गिळतं, ठसकतं, डोळ्यांत पाणी येतं. आजी पाठ थोपटते आणि पुन्हा ओतते, कारण पोटात काहीतरी गेलंच पाहिजे. हे भरवणं तासभर चालतं. आजीची माया खोटी नाही. बसण्याची पद्धत तेवढी चुकते आहे. मान मागे गेली की श्वासनळीचं तोंड उघडं राहतं. शिवाय पेज ही गिळायला सर्वांत अवघड वस्तूंपैकी एक, कारण तिच्यात पातळ पाणी आणि घट्ट शितं एकत्र असतात. पाणी आधी घसरतं, शितं मागे राहतात. ज्या जिभेला दोन्ही सांभाळता येत नाहीत, तिची फसगत होते.

येणाऱ्या ताईने इथे भाषण देऊ नये. तिने आजीशेजारी बसावं. मूल उभं बसवावं, पाठीला आधार, खुबे आणि गुडघे दुमडलेले, हनुवटी किंचित खाली. शितं वाटून पेज एकजीव, दाटसर करावी. त्यात चमचाभर तूप किंवा खोबरेल घालावं, म्हणजे थोड्या घासांत जास्त बळ मिळतं. चमचा वरून न आणता समोरून, ओठांच्या पातळीवर आणावा. जिभेवर ठेवून थांबावं. गिळल्याचं गळ्यावर दिसलं की मगच दुसरा. आणि चमचा आजीच्या हातात द्यावा. “ह्यां असां बसान खायत काय?” आजी विचारते. पहिल्या दिवशी तीनच घास जातील, पण ठसका न लागता जातील. पुढच्या खेपेला ताईने मासळीचा काटा काढून, कुसकरून भाताबरोबर कसा द्यायचा ते बघावं. इतकं साधं हे काम आहे आणि इतकं मोठंही. कारण छाती भरली नाही तर वजन वाढतं, आणि वजन वाढलं तर मूल पुढच्या शिकण्याला तयार होतं.

आपल्या घरांत चांगल्या रीती मुळातच पुष्कळ आहेत, हेही ताईला ठाऊक हवं. मूल कडेवर घेण्याची आपली तऱ्हा घ्या. दोन पाय आईच्या कमरेच्या दोन बाजूंना, पाठ सरळ, चेहरा जगाकडे. ताठर पायांच्या मुलाला उचलण्याची व्यायामतज्ज्ञ जी पद्धत सांगतात, ती जवळजवळ हीच. काखेत हात घालून लोंबतं उचललं तर पाय अधिकच आवळतात. पायांवर पालथं घालून आंघोळ घालणं, तेल लावणं, हेही मुलाला मान उचलायची संधी देतं, फक्त हातपाय ओढायचे आणि पिरगाळायचे नाहीत. बसवायला विकतची खुर्ची लगेच मिळाली नाही तर दोन भिंतींच्या कोपऱ्यात, मांड्यांमध्ये गोधडीची गुंडाळी ठेवून मूल बसतं. पुढे गावच्या सुताराकडून मापाची कोपरा-खुर्ची करून घेता येते, समोर कोपराच्या उंचीला फळी. माप मुलाचं घ्यायचं आणि दर सहा महिन्यांनी पुन्हा.

दिसण्याबद्दल एक गोष्ट. “ह्येका दिसता काय नाय, ता एकदा सांगा,” हा प्रश्न आई हमखास विचारते. उत्तर हो किंवा नाही असं बहुतेक वेळा नसतं. डोळे धड असूनही मेंदूला चित्र जुळवता येत नाही, असं मेंदूची इजा झालेल्या अनेक मुलांत असतं. अशा मुलाला गर्दीच्या, रंगीबेरंगी पसाऱ्यात काही सापडत नाही, पण काळ्या कापडावर एकटीच ठेवलेली लाल वाटी, हलवली तर, ते बघतं. लगेच बघत नाही, वेळ लागतो. काही मुलं आधी मान दुसरीकडे वळवतात आणि मग हात पुढे करतात. घरच्यांना वाटतं त्याचं लक्षच नाही. त्याला वेळ द्या, आवाज एका वेळी एकच ठेवा, टीव्ही बंद करा, हे सांगायला यंत्र लागत नाही. चष्मा लागणार असेल, मोतीबिंदू असेल, तर मात्र डोळ्यांच्या डॉक्टरांकडे लगेच गेलंच पाहिजे. लहानपणीच्या मोतीबिंदूत गेलेले महिने परत येत नाहीत.

आणि ज्याला दिसतही नाही आणि ऐकूही येत नाही, त्याला आंघोळीची वेळ झाली हे कसं कळावं? न सांगता उचललं, गार फरशीवर ठेवलं, अंगावर पाणी पडलं, तर ते किंचाळणारच. उचलण्याआधी दर वेळी तोच तांब्या त्याच्या हाताला लावावा. त्याचा हात धरून ओढण्याऐवजी आपला हात त्याच्या हाताखाली ठेवावा, म्हणजे त्याला सोडून द्यायची मुभा राहते. काही आठवड्यांनी तांब्या लागल्याबरोबर ते अंग सैल सोडतं किंवा पाय उडवतं. तो त्याचा पहिला शब्द. माणसांचंही तसंच. दर माणसाची एक ठरलेली खूण असावी: बाबांची मिशी, ताईच्या मनगटावरचं कडं, आणि फाल्गुनात आजीच्या अंबाड्यातला सुरंगीचा वळेसर, ज्याचा वास या भागात कुणालाच चुकत नाही.

हेलन केलरची गोष्ट आपल्याकडे शाळेतल्या पुस्तकांमुळे ठाऊक असते. त्यातलं एक लक्षात घेण्यासारखं आहे. १८८७ साली ॲन सुलिव्हन शिकवायला आली ती हेलनच्या घरी. शिक्षण सुरू झालं ते हातपंपाच्या पाण्यापाशी, जेवणाच्या टेबलापाशी, रोजच्याच वस्तूंनी. भारतात बधिरांध मुलांसाठी बेरोझ वाच्छा यांनी १९७७ साली मुंबईत हेलन केलर संस्था उभी केली. १९९७पासून अहमदाबादच्या सेन्स इंटरनॅशनल इंडियाने ठिकठिकाणच्या संस्थांना हाताशी धरून घरापर्यंत जाणारं काम वाढवलं. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या पोर्टेज या गावी १९६९ साली वस्त्या विखुरलेल्या आणि मुलं थोडी म्हणून, शाळा काढण्याऐवजी शिक्षिकांना दर आठवड्याला घरी धाडण्याचं ठरलं. तिथली रीत अशी की शिक्षिका आईबापांबरोबर एका आठवड्याचं छोटंसं काम ठरवी, करून दाखवी, त्यांच्याकडून करून घेई आणि पुढच्या आठवड्यात येऊन बघे. आपल्या वाड्यांची अडचणही तीच आहे, आणि तोच उपाय इथे लागू पडेल असं मला ठामपणे वाटतं.

आता त्या बोटाबद्दल. मूल असं का झालं, याचं उत्तर गावात लगेच तयार असतं. ग्रहणात विळी हातात घेतली, तिन्हीसांजेला बाहेर गेली, माहेरचं काही बाधलं. सगळं आईवर. देवळात गाऱ्हाणं घातलं जातं, कौल लावला जातो. ज्या घराला बाकी कुणी उत्तर देत नाही ते घर देवाला विचारणारच, त्यात हिणवण्यासारखं काही नाही, आणि येणाऱ्या ताईने त्यावर वाद घालू नये. आकडीचं औषध चुकवू नका आणि आईला दोष देऊ नका, या दोन गोष्टींवर मात्र तिने ठाम राहावं. दुसरं वाक्य तिने सासूसासऱ्यांच्या, दिरांच्या देखत, मोठ्याने बोलावं. मेंदूला काय झालं, कशाने झालं, हे कागद दाखवून सांगावं. गणपतीला चाकरमानी येतात तेव्हा घर माणसांनी भरतं आणि नेमकं तेव्हाच हे मूल आतल्या खोलीत जातं. तेव्हा त्याला आरतीला माटोळीखाली मांडीवर घेऊन कोण बसणार, हे आधीच ठरवून ठेवावं. झांजांनी घाबरत असेल तर जरा लांब बसावं.

आईची पाठ, आईची झोप, आईचं जेवण हाही या कामाचाच भाग आहे. रात्री चारदा उठणारी बाई दुसऱ्या दिवशी व्यायामाचा तक्ता पाळेल, ही अपेक्षा क्रूर आहे. वडील गोव्यात किंवा मुंबईत कामाला असतील तर ते येतील तेव्हाची एक भेट खास त्यांच्यासाठी ठेवावी. बापाला मूल उचलायची भीती वाटते आणि ती बोलून दाखवायला त्याला जागा नसते. मोठ्या भावंडाला वेळ द्यावा. तेही लहानच असतं.

घरी येणारी मदत इस्पितळाची जागा घेत नाही. आकडीची औषधं, कानांची तपासणी आणि श्रवणयंत्र, डोळ्यांची शस्त्रक्रिया, सरकणारा खुबा, यांना डॉक्टरच हवेत. ताईने घरून निरीक्षण लिहून दिलं, मोबाईलवर आकडीचं चित्रण करून दिलं, तर डॉक्टरांची एक भेट तीन भेटींचं काम करते. आणि एक सावधगिरी. शहरांत ‘स्टेम सेल’ने मूल चालू लागेल असं सांगून लाखो रुपये घेतले जातात. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या ठरावीक विकारांसारखे मान्य उपचार सोडले तर बाकी सगळं प्रायोगिक आहे आणि त्याचा धंदा करता येत नाही. काजूची बाग विकण्याआधी हे वाक्य पुन्हा वाचा, अशी हात जोडून विनंती आहे.

घरातच सारं काही झालं म्हणून मूल घरातच राहावं, असाही याचा अर्थ नाही. ताईने एक दिवस मुलाला आणि आईला घेऊन अंगणवाडीत जावं, सेविकेला भरवण्याची पद्धत दाखवावी, बाकीच्या मुलांना त्याचं नाव सांगावं. आठवड्यातून दोन तास का होईना, तिथे त्याची जागा असावी.

हे सगळं करायला माणूस कोण? गावातलीच, मालवणी बोलणारी, शिकवून तयार केलेली एक बाई. दर आठवड्याला किंवा पंधरवड्याला त्याच घरी जाणारी, वर्षानुवर्षं तीच. तिच्या मागे महिन्यातून एकदा तालुक्यात येणारा तज्ज्ञांचा गट. दोन-तीन गावांना मिळून अशी एक पुरेल, कारण मुलं थोडी असतात. पैशाची तोंडं आहेत. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे आहेत. त्यातून कोपरा-खुर्ची नक्की होते. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांना वर्षाला एक लाखापर्यंतचं आरोग्यविमा संरक्षण मिळतं. डिसेंबर २०२२पासून राज्यात दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग आहे. आशाताईची अठराव्या, चोविसाव्या महिन्याची भेट तिच्या कामात आणि मानधनात धरली जावी, ही मागणी या विभागापुढे आणि आरोग्य विभागापुढे आपण सगळ्यांनी मांडायला हवी. मी ती इथे मांडते आहे.

या पुस्तकातली काही मुलं पुढे बसतील, काही चालतील, काही खूण करून पाणी मागतील. काही आयुष्यभर कुणाच्या तरी हातानेच जेवतील. काही फार वर्षं जगणार नाहीत. अशा मुलाचाही आजचा दिवस ठसका न लागता, कळ न येता, ओळखीच्या स्पर्शात जावा, याला मी कमी महत्त्वाचं मानत नाही.

वाचणाऱ्यांना एक सूचना. पुस्तक क्रमाने वाचायची गरज नाही. भरवण्याचं प्रकरण आधी वाचा, मग उचलण्या-बसवण्याचं. डोळे आणि कान यांची प्रकरणं आईने एकटीने न वाचता घरातल्या आणखी एकासमोर मोठ्याने वाचावीत. दाखले आणि योजनांचं प्रकरण वडिलांकडे किंवा काकांकडे सोपवा. आकडी आल्यावर काय करायचं याचं पान शेवटी सुटं जोडलं आहे: कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका, घड्याळ बघा, पाच मिनिटांत थांबली नाही तर दवाखान्यात न्या. ते पान काढून चुलीजवळच्या भिंतीला लावा. खाली १०८ छापला आहे आणि वाडीतल्या ज्या रिक्षावाल्याला रात्रीबेरात्री हाक मारता येईल त्याचा नंबर लिहायला जागा ठेवली आहे.